अकोल्याला नेलेले पेढे

"सध्या काही दिसत नाही," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी आधी 'सध्या' ऐकलं आणि मग उरलेलं वाक्य. पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढले. समोर काहीही आलं की आधी त्याचं माप विचारायची खोड आहे.

"सध्या म्हणजे किती?" मी विचारलं.

"तीन महिने. मग पुन्हा तपासू. मग पुन्हा तीन महिने. पण तुमच्यासारख्या केसमध्ये हा रिपोर्ट चांगला आहे, काका. घरी जा, आनंद करा."

बायकोने त्यातलं 'काही दिसत नाही' तेवढंच उचललं आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर रडायला बसली. मी तिच्यावर खेकसलो, की येणारी-जाणारी माणसं बघतात, काय म्हणतील. माझा स्वभावच तिरसट. खरं तर मलाही रडायचं होतं, पण रडताना माझा चेहरा एकाच बाजूने हलतो आणि ते मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

दहा महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. गाल कापला, जबड्याचा तुकडा काढला, छातीचं कातडं आणून आत शिवलं आणि वर रेडिएशनचे तीस शेक दिले. तेव्हापासून मी तोंडाला दुपट्टा बांधतो. आमच्या अमरावतीत उन्हाळ्यात सगळेच तोंड बांधून फिरतात, त्यामुळे सुरुवातीला कोणाला काही वाटलं नाही. पावसाळा लागला आणि तरीही माझा दुपट्टा बांधलेलाच राहिला, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी काय ते ओळखलं. विचारलं कोणीच नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

ही बातमी मला दोनच माणसांना सांगायची होती. एक मास्तर आणि दुसरा आमचा पोस्टवाला. आम्ही तिघं बावीस वर्षं बडनेऱ्याहून अकोल्याला अप-डाउन करायचो. मास्तर तिथल्या शाळेत गणित शिकवायचा, पोस्टवाला मोठ्या पोस्टात होता आणि माझं ऑफिस स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. निवृत्तीनंतर ते दोघंही अकोल्यालाच राहायला गेले. अमरावतीत मी एकटा उरलो.

"फोन करा न त्यायले," बायको म्हणाली.

"फोनवर मायं बोलणं कोणाले समजते?"

ते खरं होतं, पण कारण तेवढंच नव्हतं. मला मास्तरचा चेहरा बघायचा होता.

गाडीत आमचा एक नियम होता. ज्याची पाळी असेल त्याने खर्रा आणायचा आणि मूर्तिजापूर यायच्या आत पुडी उघडायची. प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेली तंबाखू, सुपारी आणि चुना. विदर्भाबाहेरच्या माणसाला यात काय मजा आहे ते सांगता येत नाही आणि आता मला सांगायचंही नाही. ज्याने उघडली त्याने आधी इतरांपुढे धरायची, मग स्वतः घ्यायची. नाही म्हणणं म्हणजे भांडण काढणं. मास्तर पहिली दोन वर्षं नाही म्हणत होता. खिडकीशी बसून वह्या तपासायचा. एक दिवस त्याची दाढ दुखत होती, गाल धरून बसला होता. तेव्हा मी चिमूटभर खर्रा त्याच्या तळहातावर ठेवला आणि म्हणालो, "दाढेखाली ठेव, ठणका बसते." ठणका बसला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः हात पुढे केला. हे मी कधी विसरलो नव्हतो, पण आजारी पडेपर्यंत मला ते आठवावंही लागलं नव्हतं.

ऑपरेशननंतर तो दवाखान्यात आला. माझं तोंड बांधलेलं, नाकात नळी. तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "तुयी शपथ घेऊन सांगतो, आजपासून बंद." दुसऱ्या दिवसापासून आमच्या तिघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा रोज सकाळी संदेश. आज दुसरा दिवस. आज चाळिसावा दिवस. एकही सकाळ चुकली नाही. शेकाच्या खोलीत त्या टेबलावर तोंडाला जाळीचा मुखवटा आवळून पडायला लागायचं, श्वास कोंडायचा. तेव्हा मी माझे शेक मोजायचो नाही, मास्तरचे दिवस मोजायचो. माझ्या गालाच्या बदल्यात त्याचा वाचला, असा हिशेब मी मनाशी मांडला होता आणि त्या हिशेबावर मी तीसही शेक काढले.

सकाळच्या पॅसेंजरने निघालो. मांडीवर पेढ्यांचा डबा. समोरच्या बाकावर दोघं जण पन्नी चोळत बसले होते. शेकांनी माझ्या तोंडातली लाळ आटली आहे, सोबत पाण्याची बाटली घेऊनच फिरतो. तरीही त्या वासाने जिभेखाली काहीतरी हललं. त्याची मला शरम वाटली. उठून दाराशी जाऊन उभा राहिलो.

मास्तरच्या घरी पोस्टवाला आधीच येऊन बसला होता. मी दारातच सांगून टाकलं. मास्तरने मला घट्ट मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मास्तरच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, देवापुढे दिवा लावला. पोस्टवाला नुसता "वा रे पठ्ठ्या, वा रे पठ्ठ्या" करत होता आणि डोळे पुसत होता. दहा महिन्यांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मी डबा उघडला. आमच्यात पेढा हातात देत नाहीत, आख्खा तोंडात कोंबतात. बढती झाली, पोराचं लग्न जमलं, नातू झाला, दरवेळी तसंच. पोस्टवाल्याने नेहमीसारखा जबडा फाडला, मी पेढा कोंबला. मास्तरकडे वळलो तर त्याने तोंड न उघडता पेढा माझ्या हातातून काढून घेतला आणि कडेने कुरतडायला लागला.

"आख्खा खा न बे."

"शुगर निघाली आहे थोडी."

"तुमाले शुगर कधी झाली?" स्वयंपाकघरातून वहिनींनी विचारलं. "मागच्या महिन्यात तर तपासली."

"बॉर्डरवर आहे," मास्तर म्हणाला.

दुखणं उघड व्हायच्या आधी दोन वर्षं मीही पेढा असाच खात होतो. मीही शुगरच सांगायचो.

जेवायला बसलो. मला वहिनींनी वरण-भात मिक्सरमधून काढून वाटीत दिला, न सांगता. बाकीच्यांच्या ताटात भाकरी होती, वांग्याची भाजी होती आणि ठेचा फक्त पोस्टवाल्याच्या पानात. मी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, "यायनं सोडला जी ठेचा. झोंबते म्हणते. वय झालं म्हणते." ज्या माणसाने गाडीत डब्यातला ठेचा बोटाने चाटूनपुसून खाल्ला, त्याला वांग्याची भाजीसुद्धा पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावी लागत होती. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

जेवण झाल्यावर आम्ही तिघं मागच्या अंगणात बाज टाकून बसलो. मास्तर खुशीत होता. सारखा माझ्या मांडीवर थाप मारत होता.

"म्हंजे होऊन बरं होते तं," तो म्हणाला. "आमी उगाच इतके भेलो लेका."

आणि त्याने खिशात हात घातला. पुडी निघाली. वरचं रबर ढिलं झालेलं, पन्नी मऊ पडलेली.

"फक्त आजचा दिवस," तो म्हणाला. "तुया रिपोर्टच्या खुशीत."

जुन्या सवयीने त्याने ती आधी माझ्यापुढे धरली. मग लक्षात येऊन हात मागे घेतला आणि पोस्टवाल्यापुढे केली. पोस्टवाल्याने खाली मान घातली. त्याला माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. मास्तरने डाव्या हाताच्या बोटाने गाल बाजूला ओढला आणि चिमूट आत सरकवली. तोंड उघडलंच नाही.

"आज कितवा दिवस, मास्तर?" मी विचारलं.

"तीनशे अकरा," तो म्हणाला. सकाळीच ग्रुपवर टाकला होता.

मला इतका राग आला की कान तापले. मी उठलो. शिव्या द्यायच्या होत्या, पण रागात माझं बोलणं जास्तच अडखळतं आणि शिवीसुद्धा नीट निघत नाही. मग मी दुपट्टा सोडला. घरच्यांशिवाय कोणापुढे सोडला नव्हता. तोंड उघडेल तेवढं उघडलं आणि त्याच्या समोर वाकलो.

"पाह्य," मी म्हणालो. "हा माया चांगला रिपोर्ट. नीट पाह्य."

पोस्टवाल्याने मान वळवली. मास्तरने बघितलं. बघणं भागच होतं, मी त्याची मान धरली होती.

"आता तू उघड. थुंक ते आणि उघड."

"मी काय तुया पेशंट आहो?"

"तीन बोटं," मी म्हणालो. "एकावर एक, उभी. दातांच्या मधात घाल. डॉक्टरांनी मले पहिल्या दिवशी हेच करायले लावलं होतं. खर्ऱ्यानं जबडा आखडला असन तं जात नाही. गेली तर मी तुया पाया पडतो आन् पुढच्या गाडीनं जातो."

"चाल, काहीतरी बोलून राहिला."

"घाल."

तो उठून आत जायला निघाला, तर दारात वहिनी उभ्या होत्या. हातात चहाचा ट्रे. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. बाजेवरची पुडी त्यांनी पाहिलीच होती. त्यांनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि दार अडवून तशाच राहिल्या. मास्तर परत फिरला. कोपऱ्यात जाऊन थुंकला, चूळ भरली. मग आमच्याकडे पाठ करून त्याने हात तोंडाकडे नेला.

"इकडे तोंड करा," वहिनी म्हणाल्या.

तो वळला. एक बोट गेलं. दुसरं त्याने जोर लावून घातलं, डोळ्यांत पाणी आलं. तिसरं ओठांवर टेकवून तो तसाच उभा राहिला. जन्मभर पोरांना फळ्यासमोर उभं करणारा माणूस, उत्तर न येणाऱ्या पोरासारखा.

"पांढरं काही आहे का आत, मायं होतं तसं?" मी विचारलं.

"डाव्या बाजूले," बोटं काढून तो म्हणाला. "दिवाळीपासून."

"आन् तू मले दिवस पाठवत होता?"

"तू शेक घेत होता न बे," मास्तर म्हणाला. "सोडून सांगतो म्हटलं, पण सुटेचना. मंग तुले काय कळवू? तुले तिथं पडल्या पडल्या काय कळवू?"

तीनशे दिवस तो मला खोटं लिहीत होता आणि त्याच खोट्याच्या आधाराने मी त्या टेबलावर पडून राहू शकलो. मी बाजेवर बसलो आणि मीच त्याला पहिला खर्रा दिला होता, दाढेच्या निमित्ताने, हे मोठ्याने बोलून टाकलं. वहिनींसमोर. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचे डॉक्टर उद्या बसते का, भाऊजी?" त्यांनी एवढंच विचारलं.

मी त्या रात्री अकोल्यालाच राहिलो. सकाळच्या गाडीत आम्ही चौघं. मास्तर खिडकीशी, मी त्याच्या बाजूला, समोर वहिनी आणि पोस्टवाला. मास्तरच्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. ते डॉक्टर तुकडा काढून तपासतील तेव्हाच कळणार होतं. मला भीती वाटत होती. माझ्या वेळी वाटली होती त्याहून जास्त, कारण पुढे काय काय असतं ते आता मला पाठ आहे.

मूर्तिजापूर यायच्या आधी त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि रिकामा बाहेर आला. मी पेढ्यांचा डबा उघडला. एक पेढा घेऊन त्याचे बारीक तुकडे केले, अर्धे त्याच्या तळहातावर ठेवले, अर्धे मी घेतले. आम्ही दोघं एकेक तुकडा ओठांतून आत सरकवत राहिलो आणि मी दोन तुकड्यांमध्ये पाण्याचा घोट घेत होतो. समोरून वहिनी बघत होत्या.

माझा फोन वाजला. मास्तर माझ्या बाजूलाच बसला होता, अंगठा अजून त्याच्या फोनवर होता. ग्रुपवर त्याचा संदेश आला होता.

आज पहिला दिवस.