एडनाच्या अक्षरांची गाडी

पेनरिथ गावात वर्षातून दोनदा, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, नव्या गाड्यांची झुंबड उडते. त्या दोन महिन्यांत नंबरातले आकडे बदलतात. शेजाऱ्याच्या आधी आपल्या दारात नव्या आकड्याची गाडी उभी राहावी म्हणून एरवी शांत असणारी माणसंसुद्धा आधीपासून पैसे भरून वाट बघत बसतात. ग्रेसन मोटर्सच्या मागच्या खोलीत बसून या गाड्यांचं बारसं करायचं काम थेल्मा रटलेजकडे होतं. पंचविशीत लागली होती. आता सत्तावन्न वर्षांची झाली होती.

नंबरातली पहिली अक्षरं मुलखाची आणि मधले आकडे सहामाहीचे. त्यात कुणाला काही करता येत नाही. शेवटची तीन अक्षरं मात्र सरकारकडून डीलरला घाऊक मिळतात, आणि कुठली तीन कुठल्या गाडीला द्यायची हे डीलरनं ठरवायचं असतं. दुसरीकडे सरळ वरून खाली वाटत जातात. थेल्मा तसं करत नसे. ती गिऱ्हाइकाचं नाव वाचायची, माणूस आठवायची आणि मग अक्षरं निवडायची. डुकरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला 'पी-जी-जी', म्हणजे वाचताना 'पिगी', डुक्कर, गेलं तर गाव त्याला जन्मभर हसेल, म्हणून ते ती दंतवैद्याला द्यायची. टपाल वाटणारा क्लिफ बोलताना अडखळायचा. त्याला फोनवर नंबर सांगताना जीभ अडकू नये अशी मऊ अक्षरं तिनं शोधून ठेवली होती.

हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला कळतही नव्हतं. लोकांना वाटायचं, कॉम्प्युटर देतो.

थेल्माकडे स्वतःची गाडी नव्हती. ती गाडी चालवायला शिकलीच नाही. गावाच्या वरच्या अंगाला एका ओळीतल्या घरात ती आणि तिची आई, अशा दोघीच राहत. सकाळी उतारावरून चालत कामावर, संध्याकाळी चढण चढून घरी. बाजारात तिला हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. पण चौकात उभी राहिली की समोरून जाणारी निम्मी वाहनं तिच्या ओळखीची असत. हा दंतवैद्य, ही शिंपीण, हा क्लिफ. काचेआडचे चेहरे तिच्याकडे न बघता निघून जात.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आई गेली.

रोज दहाच्या चहाला थेल्मा घरी फोन करायची. "गोळी घेतलीस का?" "घेतली गं." "दार लावून घे." "लावलंय. तू काय खाल्लंस?" एवढंच बोलणं, पण इतक्या वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, कामाचा डोंगर समोर असताना, चहाचा कप हातात आला आणि दुसऱ्या हातानं आपसूक नंबर फिरवला. पलीकडे रिकाम्या घरात घंटी वाजायला लागली. आपण काय केलं हे तिला लगेच कळलं, पण रिसीव्हर खाली ठेववेना. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तो फोन वाजतोय, वाजतोय, आणि ती ऐकत बसली.

मग ती उठली आणि अंगणात उभ्या दोन करड्या गाड्यांवर बसवायच्या नंबरप्लेट त्यांच्या सीटवर ठेवून आली. मॉडेल एक, रंग एक. प्लेटांची अदलाबदल झाली. त्या पाहून खात्री करणाराही कुणी नव्हता, कारण खात्री करणारी थेल्माच होती.

ऑक्टोबरात फोन आला.

"मी जॉस टॅलेंटायर, अल्सवॉटर तळ्याच्या वरच्या अंगाचा," पलीकडून जाडाभरडा आवाज म्हणाला. "बाई, पोलिसांचा कागद आलाय. म्हणतात, मी मोरकॅमला भरधाव गाडी हाकली. मी मोरकॅमला शेवटचा गेलो होतो तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते."

थेल्मानं कॉम्प्युटरवर त्याचं नाव काढलं. त्याच्या नावावर 'एच-व्ही-के'.

"तुमच्या गाडीवर कुठली अक्षरं आहेत, मिस्टर टॅलेंटायर?"

"ई, डी, टी," तो म्हणाला. उत्तर इतकं चटकन आलं की ते त्याच्या जिभेवरच होतं असं वाटलं.

दुसरी गाडी ॲपलबीच्या शोना नावाच्या मुलीची होती. जनावरांच्या दवाखान्यात काम करायची. मोरकॅमला जॉसच्या नंबरानं धावली ती शोनाची गाडी, आणि पकडला गेला जॉस म्हातारा.

मॅनेजर डॅरननं कपाळाला हात लावला. "थेल्मा, तुमच्याकडून? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हे खोटं आहे म्हणून मी पैज लावली असती." तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी प्लेट बसवणाऱ्या कॉलिनबरोबर ती निघाली. डोंगराच्या कुशीत दगडी घर, गोठा, दारात साखळीला बांधलेलं जाडजूड कुत्रं. जॉस पंचाहत्तरी पार केलेला, खांदे रुंद, टोपी कपाळावर. थेल्मानं आपलं नाव सांगितलं तशी त्यानं टोपी काढली.

"म्हणजे नंबर देणाऱ्या त्या तुम्हीच?"

"हो."

"मग आत या. तुमचे आभार मानायचे राहिलेत."

तिला काही उमगेना. स्वयंपाकघरात जुना स्टोव्ह पेटलेला होता. त्यानं किटली चढवली आणि पाठमोरा राहूनच बोलायला लागला. गाडी त्यानं आणि बायकोनं मिळून मे महिन्यात ठरवली होती. बायकोची कंबर दुखायची. जुन्या लँड रोव्हरमध्ये तिला चढता येत नसे. ही बेताच्या उंचीच्या सीटची गाडी तिनं स्वतः बसून बघितली होती. जुलैत ती गेली. ऑर्डर मोडावी असं त्याला वाटलं होतं, पण मोडवेना. सप्टेंबरात गाडी घ्यायला आला आणि मागे जाऊन बघतो तर नंबरात तिची अक्षरं.

"एडना डोरोथी टॅलेंटायर," तो म्हणाला. "ऑर्डरवर माझ्या नावाशेजारी तिचंही नाव होतं. मी म्हटलं, त्या कचेरीत कुणीतरी वाचलंय. कुणीतरी आठवण ठेवलीय."

कॉलिननं भिंतीकडे बघितलं. थेल्मानं कपाकडे बघितलं. आपण हजार माणसांची अक्षरं निवडली, पण हे नाव आपण वाचलंही नव्हतं, हे तिला त्या क्षणी सांगता आलं नाही.

कॉलिन खाकरला. "काका, प्लेट बदलावी लागेल. कायद्यानं ही गाडी तुमची नाही... म्हणजे गाडी तुमची, नंबर दुसऱ्याचा."

"नंबर माझाच राहील," जॉस म्हणाला.

"पण काका..."

"ती पाटी निघाली तर गाडी मला नको. परत घेऊन जा."

थेल्मा बोलली. मालकांची संमती मिळाली तर नंबरांची कायदेशीर अदलाबदल करता येते; अर्ज करावा लागेल, वेळ लागेल, आणि तोवर ही गाडी रस्त्यावर आणायची नाही.

"गोठ्यात राहील," जॉस म्हणाला. "शब्द देतो."

परतताना कॉलिन म्हणाला, "सांगितलं का नाहीस गं त्याला?"

"तू सांगायचंस."

"मी? मी फक्त स्क्रू पिळतो."

शोनाला विचारलं तर ती हसतच सुटली. "अहो, मला काय त्या अक्षरांचं लोणचं घालायचंय? देऊन टाका आजोबांना. आणि तो दंड माझ्याकडे पाठवा, माझा मित्र हाकत होता." डॅरननं खर्च कंपनीच्या नावावर टाकला आणि म्हणाला, "थेल्मा, तुम्ही ठार वेड्या आहात." पण सही केली.

आता म्हाताऱ्याकडे वाहन राहिलं नव्हतं. लँड रोव्हर त्यानं नव्या गाडीच्या बदल्यात देऊन टाकली होती. पाव, लोणी, कुत्र्याचं खाणं आणायचं कसं? शनिवारी थेल्मा, त्याला फोनवर कळवून, दोन पिशव्या भरून तळ्याकाठच्या बसमध्ये बसली. आपल्या चुकीचं निस्तरायला जातोय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

बसथांब्यावर जॉस ट्रॅक्टर घेऊन उभा होता.

"यात?" थेल्मा म्हणाली.

"याचा नंबर बरोबर आहे," जॉस म्हणाला.

ती चाकावरच्या पत्र्यावर बसली, एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातानं लोखंडी दांडी धरलेली. चढावर तिची टोपी उडाली. जॉसनं ट्रॅक्टर थांबवला, उतरला, कुंपणातून टोपी काढून आणली, झटकली आणि तिच्या हातात दिली.

पुढचे सगळे शनिवार तसेच गेले. ती आल्याची वडी करून न्यायची, तो रम घातलेलं लोणी काढायचा. एडना असताना ते फक्त बारशाला बनायचं, असं त्यानं सांगितलं. मेंढ्या शेजाऱ्याच्या हवाली केल्या होत्या, पण संध्याकाळी अजूनही तो कुंपणाशी जाऊन मोजून यायचा. बोलणं फार होत नसे. त्याच्या घरात घड्याळ मोठ्यानं वाजायचं, आणि तिला ते आवडायचं.

एका शनिवारी तिनं कप बाजूला ठेवला. "मिस्टर टॅलेंटायर, ती अक्षरं मी निवडली नव्हती. चूक झाली होती. मी तुमच्या बायकोचं नाव वाचलंही नव्हतं."

जॉस उठला आणि बाहेर गेला. कुत्र्याशी काहीतरी बोलत असल्याचा आवाज आला. बराच वेळ तो आला नाही. थेल्मानं कोट अंगात घातला, बटणं लावली. पुढची बस कधी आहे हे तिला आठवेना.

तो आत आला, तिच्याकडे बघितलं. "कोट काढा. चहा गार होतोय." खुर्चीत बसला. "मला थोडं तसं वाटलंच होतं. त्या दिवशी कॉलिन भिंतीकडे बघत होता." थोड्या वेळानं म्हणाला, "पण तुम्ही चुकणाऱ्यातल्या दिसत नाही. काय झालं होतं?"

मग थेल्मानं त्याला फोनचं सांगितलं. रिकाम्या घरातल्या घंटीचं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगावं असं माणूसच नव्हतं.

"उचलला नाही ना कुणी?" जॉसनं विचारलं.

"नाही."

"मीही हाक मारतो कधीकधी," तो म्हणाला. "खालून. जिना चढायच्या आधी."

नोव्हेंबर संपता संपता कागद आले. कॉलिन जाऊन सगळं कायदेशीर करून आला. 'ई-डी-टी' आता खरोखर जॉसची झाली. शनिवारी थेल्मानं आल्याची वडी केली, डब्यात भरली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आता जायला कारण उरलं नाही. त्याच्याकडे गाडी होती. पाव तो स्वतः आणेल. बोलावणं आलं तर जाऊ, असं तिनं ठरवलं.

बोलावणं आलं नाही. डिसेंबर गेला. नाताळच्या दिवशी तिनं एकटीनं कोंबडीचा एक तुकडा भाजला आणि रेडिओ लावला. एकदा बाजाराच्या चौकात ती करडी गाडी तिला दिसली. आत जॉस होता, एकटाच, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट. तिनं हात वर केला. तो समोर बघत निघून गेला, त्याचं लक्ष नव्हतं. शेजारची सीट रिकामी होती.

जानेवारीच्या अखेरीस एका बाईचा फोन आला. जॉसची मुलगी, हेक्समहून. वडील बर्फात पडले, मनगट मोडलं; आता त्यांना आपल्याकडे आणलंय. शेत शेजाऱ्यानं घेतलंय. गाडी विकायची आहे.

"ते जवळ आहेत का?" थेल्मानं विचारलं.

रिसीव्हर कुणाच्या तरी हातातून कुणाच्या तरी हातात गेला. मागे टीव्ही मोठ्यानं चालू होता.

"बाई," जॉस म्हणाला.

"तुम्ही पडलात."

"पडलो." मग म्हणाला, "दर शनिवारी थांब्यावर येत होतो. नाताळपर्यंत. गाडी घेऊन."

थेल्मा म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही बोलवाल."

"मला वाटलं, गाडी चालू झाली, तुमचं काम संपलं."

टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

गाडी फेब्रुवारीत ग्रेसन मोटर्सच्या अंगणात आली आणि आठवड्याभरात विकली गेली. घेणारी एक तरुण शिक्षिका होती. तिला अक्षरांशी देणंघेणं नव्हतं, आणि थेल्मानं तिला काही सांगितलं नाही. गाडी जाण्याआधी एका दुपारी थेल्मा तिच्यात जाऊन बसली होती; चालकाच्या नाही, शेजारच्या सीटवर. सीट खरंच बेताच्या उंचीची होती. कंबर दुखणाऱ्या माणसाला बरी.

मार्चची झुंबड ओसरल्यावर एका रविवारी ती कार्लाईलला आगगाडी बदलून हेक्समला गेली. मुलगी भली होती, चहा दिला, बिस्किटं दिली, आणि सारखी येऊन विचारत राहिली, "बाबा, थंडी वाजतेय का?" मुलांची खेळणी, टीव्ही, जावयाचं फोनवर मोठ्यानं बोलणं. त्या सगळ्यात जॉस खिडकीजवळ खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला, एखाद्या पाहुण्यासारखा बसला होता. तासाभरानं थेल्मा उठली.

"मी स्टेशनापर्यंत येतो," जॉस म्हणाला.

"बाबा, बाहेर वारा आहे!"

"वारा मी बघितलाय."

रस्ता लांब नव्हता, पण ते सावकाश चालले. फलाटावर बाकावर बसले. गाडीला उशीर होता. नदीवरून येणारा वारा झोंबत होता, आणि जॉसनं एका हातानं टोपी धरून ठेवली होती.

"मेंढ्यांना आता पिल्लं झाली असतील," तो म्हणाला.

"झाली असतील."

"शेजारी मोजत नाही. ठाऊक आहे मला."

गाडी आली. तिनं डब्यात पाय ठेवला तेव्हा तो पुढे झाला. "पुढच्या वेळी येताना थर्मास आणा. आमच्या पोरीचा चहा पाणचट असतो. इथं बसून पिऊ."

"कधी येऊ?" थेल्मानं विचारलं. असं तिनं आजवर कुणाला विचारलं नव्हतं.

"तुम्हीच सांगा. मी सांगायची वाट बघत बसलो तर पुन्हा नाताळ येईल."

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली.

दार लागलं. गाडी हलेपर्यंत तो फलाटावर उभा राहिला, आणि हलल्यावरही.