ताळा तीन

मोबाईल नंबर ही शेकडो कोटींची एक पूर्ण संख्या आहे, हे माझ्याखेरीज कुणाच्या मनात येत नसावं. मी गणिताची बाई. पण ही खोड शाळेतली नाही, आप्पांची. नाशिकच्या कडेला आमचा फुलांचा मळा. वडील चौथी शिकलेले, तरी घरात कुठलाही लांबलचक आकडा नवाचा ताळा घेतल्याशिवाय उतरवला जात नसे. अंकांची बेरीज करायची, एकच अंक उरेपर्यंत करत राहायची. सांगणाऱ्यानं आकड्यामागं ताळा सांगायचा, लिहिणाऱ्यानं तो पडताळायचा. पाहुणे हसत. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

धाकटा भाऊ मळ्यात राबणार नाही म्हणून आप्पांशी भांडला आणि सुरगाण्याला जीप चालवायला गेला. महिन्याभरानं कुणाच्या तरी फोनवरून त्यानं मला स्वतःचा नवा नंबर सांगितला. शेवटी म्हणाला, "ताळा तीन," आणि फोन ठेवला. मी बेरीज केली. तीन. आप्पांच्या उशाशी भिंतीवर नंबर लिहून ठेवला. दोन वर्षं त्यावर कुणी फोन केला नाही. त्यानं आधी करावा असं आप्पांना वाटे, आप्पांनी करावा असं त्याला. दोघेही एकाच माळेचे मणी.

यंदा आप्पांनी अंथरूण धरलं आणि एका संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "लाव त्याला फोन."

हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं फोनमधली बाई पुन्हापुन्हा सांगत राहिली.

"ताळा पाह्यला का?"

"पाहिला, आप्पा. तीनच येतोय."

"मंग नंबर बरोबर हाय. त्यानंच बदलला. आपल्याला कळवायचं नव्हतं त्याला."

त्यांनी कूस बदलली. मी सुरगाण्याच्या जीपवाल्यांकडून निरोप धाडला. निरोप पोचायच्या आत, दुसऱ्या दिवशी सकाळी, आप्पा गेले.

भाऊ आला तेव्हा सगळं उरकलं होतं. पाहुणे पांगल्यावर मी त्याला विचारलं, नंबर कधी बदललास? "कुठं बदलला?" म्हणत त्यानं फोन काढून भिंतीशी धरला. त्याच्या नंबराच्या शेवटी चोपन्न होतं. मी पंचेचाळीस लिहिलं होतं.

दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणारा फरक नवाच्या पटीतच असतो, म्हणून ताळ्याला तो दिसत नाही. दोन्ही संख्यांना तीननं भाग जातो, दोन्हींना नवानं भागलं तर बाकी तीनच. हे मी वीस वर्षं फळ्यावर शिकवते आहे. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. मी भिंतीपाशी उभी राहून बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली.

मग त्याला सगळं सांगितलं, आप्पा काय म्हणाले तेसुद्धा. वाटलं, चिडेल, चार शिव्या हासडेल. त्यानं फक्त भिंतीवरच्या पंचेचाळीसवर बोट ठेवलं.

"तीन आला म्हटल्यावर लगेच मानलं त्यांनी?"

"लगेच."

"ताळ्यावर लय भरवसा होता त्यांचा, ताई," तो म्हणाला. "माझ्यावर नाय."