रुद्रप्पा अण्णांचं शून्य

पडदा वर जातो तेव्हा जुळे सोलापुरातल्या चार बिऱ्हाडांच्या इमारतीत महेश्वरीबाई मोबाईलकडे बघत कपाळाला हात लावून बसल्या आहेत. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना गच्चीवर नाटकाची तालीम करायची होती. त्यांनी चारही घरांकडून मोबाईलवर संमतीचे दहापैकी गुण मागवले. सरासरी पाचाच्या वर गेली तरच तालीम. तीही बेरजेची सरासरी नव्हे, गुणांचा गुणाकार करून काढायची भूमितीय सरासरी; एका घराची नाराजी बाकीच्यांच्या हौसेत बुडू नये म्हणून.

गुण आले दहा, दहा, आठ, आणि खालच्या रुद्रप्पा अण्णांचं शून्य. बेरजेनं सरासरी सात येत होती. गुणाकारात सगळंच शून्य!

दिलेला शब्द न फिरवता बाई जिना उतरून अण्णांच्या दारात उभ्या राहिल्या.

"थोरल्या माणसाला मोबाईलवर इचारतेत व्हय गं?" अण्णा गरजले.

"चुकलं, अण्णा. तुम्ही एक गुण दिलात तरी सरासरी पाचाच्या वर जाते की."

"एक? मी काय भीक घालतोय? दहा लिही. आन् नाटकात म्हाताऱ्याचं काम कुणाला दिलंय?"

बाई मनापासून हसल्या.

"तुमच्यासाठीच ठेवलंय. पण तालमीला वेळेवर यायचं, अण्णा!"