घंटेनंतरचं वाक्य

अमेरिकेच्या राजकारणावर आणि तिथल्या धर्मावर मी काही लिहावं, हे माझं मलाच पटत नाही, म्हणून आधी माफी मागतो. मी अमेरिका पाहिलेली नाही. माझा विषय बायोमेडिकल इंजिनिअरिंग, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत घालायच्या बारीक नळ्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक आहेत, आई अंगणवाडी चालवते. जगात काय चाललंय यावर मत देणं हे आमच्याकडे शिकलेल्या लोकांचं काम समजतात, आणि मी शिकलेला झालो की नाही याची मला अजून खात्री नाही. तरी लिहितोय, कारण एका भाषणावरून जे काही झालं त्याचा राग अजून उतरलेला नाही.

मी आयर्लंडमधल्या गॉलवेला एम.एस्सी.साठी आलो त्याच महिन्यात गणपती होते. इथल्या मराठी मंडळाचा गणपती चर्चच्या हॉलमध्ये बसतो. तिथले फादर दर वर्षी आनंदाने हॉल देतात, स्वतः येऊन मागच्या खुर्चीवर बसतात आणि मोदक खातात. त्यांची एकच विनंती असते, की कापूर दाराबाहेर पेटवा, नाहीतर छताचा अलार्म वाजतो. त्यामुळे आमची आरती अर्धी आत आणि अर्धी पावसात होते.

तिसऱ्या दिवशी वादविवाद स्पर्धा होती. आपल्याकडच्या कॉलेजांत असते तशीच. विषय कमिटी देते, बाजू चिठ्ठी उचलून ठरते. अनुकूल आलं तर अनुकूल बोलायचं, प्रतिकूल आलं तर प्रतिकूल. बोलणाऱ्याला स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारत नाही. विषय होता, ‘अमेरिकेच्या राजकारणात धर्माला स्थान असावे’. मला प्रतिकूलची चिठ्ठी आली.

मी आठवडाभर तयारी केली. शाळेत गोळीबार होतो, मुलं मरतात, आणि पुढारी पडद्यावर येऊन सांगतात की आमच्या प्रार्थना तुमच्याबरोबर आहेत. मग पुढच्या गोळीबारापर्यंत काही करत नाहीत, असं मी बोललो. परदेशातून आलेल्या माणसांना हाकलून देण्याची भाषा करणारे रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसतात, असंही बोललो. पाच मिनिटं झाली, दुसरी घंटा वाजली. आता घंटेनंतर एक वाक्य सगळेच बोलतात. ते टाळीचं असावं लागतं, हे आम्हाला शाळेपासून पढवलेलं. माझ्या तोंडून निघालं, “असा धर्म मला नको, आणि असा देशही मला नको!”

हॉल दणाणला. फादरना एक अक्षर कळलं नव्हतं, तेही टाळ्या वाजवत होते. मला दुसरा क्रमांक मिळाला, शाल मिळाली, आणि मंडळाने माझ्या पूर्ण नावासकट भाषणाचा व्हिडिओ आपल्या पानावर टाकला. मी तो आईला पाठवला.

पुढच्या वसंतात मला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी.ची जागा मिळाली, शिष्यवृत्तीसकट. बाबांनी डेपोत पेढे वाटले. माझ्या आयुष्यात याहून मोठं काही घडलेलं नव्हतं. मग मी व्हिसाचा अर्ज उघडला. त्यात आपली समाजमाध्यमांवरची सगळी खाती लिहून द्यायची असतात, आणि ती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायची असतात. मी सहज स्वतःचं नाव टाकून शोधलं. सगळ्यात वर तो व्हिडिओ होता. खाली कुणीतरी हौसेने शेवटच्या वाक्याचा इंग्रजी अनुवादही टाकला होता.

मी मंडळाच्या सेक्रेटरीकडे गेलो. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दहा-बारा वर्षं इथे आहेत, सॉफ्टवेअरमध्ये. स्वभावाने फार चांगले. मला राहायला खोली त्यांनीच शोधून दिली होती. वहिनींनी पोहे केले होते.

“या, क्रांतिकारक!” दादा म्हणाले. “देश नको म्हणालास आणि आता त्याच देशाच्या दारात उभा?”

“दादा, ते स्पर्धेतलं होतं. चिठ्ठी प्रतिकूलची आली होती.”

“ते तिथल्या ऑफिसरला समजावून सांगणार आहेस? चिठ्ठी म्हणजे काय, घंटा म्हणजे काय? अरे, तो व्हिडिओ काढून टाकू, तुझं अकाउंट साफ कर. मांजरांचे फोटो टाक. मत नसलेला मुलगा सगळ्यांना आवडतो.”

“आधी खाऊ दे त्याला,” वहिनी म्हणाल्या. “आणि मांजर कुठून आणणार तो?”

त्यांची अकरा वर्षांची मुलगी टेबलाच्या टोकाला गृहपाठ करत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इथल्या हेलाच्या इंग्रजीत. मान वर न करता तिने विचारलं, की तो जे बोलला ते त्याला खरंच वाटतं का?

“तू तुझं गणित कर,” दादा म्हणाले.

मला उत्तर द्यायचं होतं. पोहे संपवून मी घरी आलो आणि वाटेतच राग यायला लागला.

राग कशाचा होता ते नीट लिहितो. मंडळाच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी अमेरिकेचं राजकारण चालतं. कुठल्या राज्यात कोण पुढे, कोणता न्यायाधीश काय म्हणाला, हे आमच्या लोकांना तोंडपाठ. इथल्या नगर परिषदेच्या निवडणुकीत मात्र आम्हाला मत देता येतं, नागरिक नसलो तरी, नुसते राहत असलो तरी. ग्रुपमधल्या कितीजणांनी नाव नोंदवलंय, असं मी एकदा भीत भीत विचारलं होतं. एकानेही नाही. मीही नोंदवलेलं नव्हतं, हे कबूल करतो.

दुसरं जास्त लागलं. अमेरिकेतला कुणी पुढारी आमचा देश एकाच धर्माचा आहे म्हणाला, की ग्रुपवर त्याला अंगठे मिळतात. ठाम माणूस आहे म्हणतात. हे अंगठे देणारे तेच लोक, जे कॅथलिक चर्चच्या हॉलमध्ये आपला गणपती बसवतात. उद्या इथल्या कुणी तसंच ठाम होऊन हॉलला कुलूप लावलं तर? मूर्ती कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवणार? हे मला त्यांच्या तोंडावर विचारायचं होतं. पण मी विद्यार्थी, ते सगळे वयाने मोठे, आणि मला मिळालेली खोली, सायकल, सेकंडहँड कोट, सगळं त्यांच्याकडून आलेलं.

रविवारी बाबांचा फोन आला. आईने त्यांना व्हिडिओ पुन्हा दाखवला होता.

“आवाज चांगला लागलाय तुझा,” बाबा म्हणाले. “पण घंटा झाल्यावर कशाला बोलत बसलास?”

“तशी पद्धत असते, बाबा.”

“बरं. मग हे सगळं तुझं मत नाही?”

“चिठ्ठी आली होती तशी.”

“चिठ्ठीचं राहू दे. तुझं काय आहे? ते तर तू आम्हाला कधी सांगितलंच नाहीस. एवढं शिकलास, सांग की.”

मी गॉलवेच्या समुद्रकाठच्या बाकावर बसलो होतो. वारा इतका होता की बाबांना अर्धं ऐकू जात नव्हतं, म्हणून मी जवळजवळ ओरडून सांगितलं. म्हटलं, माणसाने देव बरोबर घेऊन राजकारणात जावं, मला त्याचं काही वाटत नाही. तूही गाडीखाली शिरण्याआधी नमस्कार करतोसच. पण मग पूर्ण घेऊन जावं. प्रार्थना केली तर उठून काहीतरी करावं लागतं. अनोळखी माणसाला दार उघडा असं ज्यांच्या ग्रंथात लिहिलंय, त्यांनीच दार लावून वर ग्रंथ दाखवला, की माझं डोकं फिरतं. आपल्याकडचे करतात तेव्हाही फिरतं. आणि तो देश मला नको असं नाही. मला तिथे जायचंय. जायचंय म्हणूनच तो बरा असावा असं वाटतं.

“हे स्पर्धेत बोलला असतास तर पहिला आला असतास,” बाबा म्हणाले. मागून आई म्हणाली, “काही बोलू नको रे कुठे. गुपचूप जा.” दोघंही आपापल्या जागी बरोबर होती.

मी व्हिडिओबद्दल काही ठरवायच्या आतच तो गेला. मंडळाने मला न विचारता काढला, आणि एकट्या माझाच नाही, सगळ्या स्पर्धकांचे काढले. त्याच दिवशी ग्रुपवर सूचना आली, की यंदापासून वादविवादाऐवजी रांगोळी आणि पाककृती. ‘सर्वांच्या हितासाठी.’ समुद्रापलीकडच्या कुणी त्यांना असं करा म्हणून सांगितलं नव्हतं. कुणी आमच्याकडे बघितलंही नव्हतं. एका लहानशा हॉलमध्ये वर्षातून एकदा पाच-पाच मिनिटं बोलायची सोय होती, ती आम्ही आपणहून बंद केली, आणि वर शहाणपणा केला म्हणून एकमेकांना शाबासकी दिली. मी ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. त्याखाली जोडलेल्या हातांचं एक चित्र आलं, मग कुणीतरी विचारलं, उकडीसाठी तांदळाचं पीठ कुठल्या दुकानात चांगलं मिळतं. त्यावर बत्तीस उत्तरं आली.

मग मी माझ्या खात्यावर लिहिलं. मराठीत आणि इंग्रजीत, बाबांना सांगितलं होतं तेच. घंटेनंतरचं वाक्य टाळीसाठी होतं, ते मी मागे घेतो. प्रार्थनेबद्दलचं माझं आहे, ते राहील. दादांचा लगेच फोन आला.

“तुला जागा नकोय का?”

“हवीय, दादा. फार हवीय.”

“मग हे काय आहे?”

“तुमच्या मुलीने विचारलं होतं ना, त्याचं उत्तर आहे.”

“अरे, ती अकरा वर्षांची आहे!” ते ओरडले, आणि मग हताश होऊन हसले. “बरं, मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घाल. आणि तिथे कृपा करून भाषण देऊ नकोस.”

मुलाखत डब्लिनला होती. पहाटेची बस पकडून गेलो. काचेपलीकडच्या बाईंनी नळ्यांबद्दल विचारलं, त्या कशाच्या बनतात, शरीर त्यांना स्वीकारतं का. मी फार वेळ बोललो. घरी कोण कोण असतं, वडील काय करतात, शिकून झाल्यावर काय करणार, हे विचारलं. धर्माबद्दल काही नाही, भाषणाबद्दल काही नाही. अर्जाची आणखी तपासणी होईल, कळवू, असं सांगून त्यांनी एक कागद हातात दिला.

नंतर सात आठवडे मी दिवसातून वीस वेळा मेल उघडत होतो. प्रयोगशाळेत हातमोजे काढून, पुन्हा घालून. दादा दर शनिवारी विचारायचे, आणि पुढे पुढे विचारायचे बंद झाले, ते विचारण्याहून वाईट होतं. विद्यापीठात तिकडे वर्ग सुरू व्हायला नऊ दिवस उरले होते.

मंगळवारी दुपारी, प्रयोगशाळेशेजारच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सूपच्या रांगेत उभा असताना मेल आला. अर्ज नामंजूर. कारण छापील होतं, दोन ओळींचं: शिक्षण संपल्यावर तुम्ही आमचा देश सोडून परत जाल, याची आम्हाला खात्री पटलेली नाही.