ज्वारीवरचे पांढरे थेंब

निवृत्त होऊन काही वर्षे लोटली, तरी दक्षिण सोलापुरातल्या त्या ज्वारीच्या रानाचे प्रकरण माझ्या मनातून उतरलेले नाही. अलीकडे ते पुन्हा वर आले, त्याला कारण आमच्या वसाहतीच्या बैठकीतला एक ठराव. कोणाच्या तरी नातवाने गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते ड्रोनने पाहिले, आणि लगेच ‘ड्रोन म्हणजे हेरगिरी, सरसकट बंदी घाला’ असा ठराव तयार झाला. कोणत्या कायद्याने आणि कोणत्या अधिकारात, असे विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात. मी अध्यक्षांना पत्र लिहिले, सचिवांना लिहिले, उत्तर आले नाही म्हणून स्मरणपत्रही पाठवले. त्या पत्रांत जे मावले नाही ते येथे लिहितो. नाव कोणाचेही देणार नाही.

होटगीच्या पलीकडच्या पट्ट्यातील एका ग्रामीण ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. ‘वेळ अमावास्या’ या सणाच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. त्या भागात या अमावास्येला घरोघरची माणसे रानात जातात, ज्वारीच्या ताटांची खोप करून पूजा करतात, ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील पिकावर शिंपडतात आणि तेथेच जेवतात. आदल्या दिवशी माझे निम्मे ठाणे रजेवर होते. उरलेल्यांसाठी पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबील यांचे डबे गावागावांतून येत राहिले. डबे स्वीकारणे नियमात बसते का, असा प्रश्न मी विचारला होता. उत्तर देण्याइतके कोणाचे तोंड रिकामे नव्हते.

सकाळी एक पन्नाशीचा शेतकरी पोलीस पाटलांना घेऊन आला आणि उभ्यानेच म्हणाला, “सायेब, माज्या ज्वारीवर इख फवारलंय.”

“कोणी?”

“थोरल्या भावानं. ड्रोन लावून. काल दिवस कलताना आमी पूजा उरकून निगालो, तवा म्या डोळ्यानं बगितलं. खाली औषधाची बाटली टांगली हुती, अन् पांडरं पांडरं गळत हुतं.”

दोन भावांचा वाटणीचा दावा न्यायालयात होता. निकाल लागेपर्यंत कोणीही स्वतः, नोकरामार्फत किंवा हस्तकामार्फत बांध ओलांडून दुसऱ्याच्या भागात प्रवेश करू नये, असा मनाई हुकूम होता. म्हातारी आई थोरल्याकडे राहत असे. धाकट्याने त्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही असे ठरवले होते, आणि आईला कमरेमुळे घराबाहेर पडता येत नव्हते. दावा लागल्यापासून मायलेकांची भेट नव्हती.

तक्रारीची नोंद घेऊन मी निघणार, इतक्यात गावातून एका इसमाचा फोन आला. ड्रोन थोरल्याच्याच गच्चीवरून उडाला होता आणि उडवणारी त्याची मुलगी होती; सोलापुरात शिकून नुकतीच परतलेली. तक्रारदाराला मी हे सांगितले तेव्हा तो बाकावर बसला.

“तिला म्या खांद्यावर घेऊन गड्ड्याची जत्रा दावलीय, सायेब.” मग म्हणाला, “बापानंच करून घेतलं आसंल तिच्याकडनं.”

“तक्रार ठेवायची की मागे घ्यायची?”

“ठेवा.”

त्या मुलीचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्याच टेबलावर होता. शेतीच्या फवारणीचे मोठे ड्रोन चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. पिकावर विष टाकल्याचा गुन्हा नोंदवला गेला असता, तर तो अर्ज तेथेच संपला असता.

घटनास्थळी तक्रारदाराने ज्वारीच्या बाधित ओळींभोवती जुने लुगडे बांधून ठेवले होते. स्वतः तो लांब उभा राहिला. “हात लावू नगा सायेब, घात हुईल.” मी वाकून पाहिले. पानांवर पांढरे डाग वाळले होते आणि प्रत्येक डागावर मुंग्या लागल्या होत्या. मेलेली एकही नव्हती, सगळ्या कामात होत्या. मी नाक जवळ नेले. आंबट वास, आणि त्याच्या मागे लसूण. लसणाच्या वासाचे ताक हे कीटकनाशक म्हणून विकले जात असल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते. पण वास म्हणजे पुरावा नव्हे. मी नमुना घेतला, पंचांसमक्ष सील केला आणि तक्रारदारापाशी चकार शब्द काढला नाही.

महिलेचा जबाब तिच्या राहत्या घरी घ्यावा, हा नियम मी नोकरीभर पाळला. महिला शिपाई आणि पंच सोबत घेऊन मी थोरल्याकडे गेलो. तो ओट्यावरूनच कडाडला, “माज्या घरातनं त्याच्या रानात पाण्याचा थेंब जाणार न्हाय, सायेब. इख तर लांबच. इखाला पैसं पडत्यात.”

मुलगी शांत होती. ड्रोन तिने स्वतःहून पुढे ठेवला. तळहाताएवढा, चालकाच्या परवान्याची गरज नसलेल्या वजनाचा. मी त्यातले चित्रण मागितले. तिने दाखवले, आणि मान्य करतो, तपासाला लागतो त्यापेक्षा अधिक वेळ मी ते पाहत बसलो. पाइप कोठे फुटला ते वरून दिसणारे ओले वर्तुळ. उसात शिरलेल्या म्हशीची पाठ. सौर पॅनेलवरची धूळ. ज्वारीवरून उठणारा पाखरांचा थवा, त्याच्या मागे लागलेला हा ड्रोन. गावच्या देवळाचा कळस इतक्या जवळून, की त्यावरचे पोचे मोजावेत. आणि एका विहिरीच्या काठचा कडुलिंब.

“हे कुठले?”

“आज्जीचं माहेर, सर. अक्कलकोटच्या पुढं. तिला जाता येत नाही, म्हणून स्कूटीवर जाऊन काढून आणलं.”

कोपऱ्यात बाजेवर बसलेली म्हातारी म्हणाली, “माज्या बापानं लावलेलं झाड हाय ते. लई वाढलंय. बगितलासा का, सायेब?”

“पाहिले, अव्वा.” तिकडे आईला अव्वाच म्हणतात. मग मी मुलीकडे वळलो. “आता कालच्या दिवसाचे दाखवा.”

“अमावस्येला उडवलाच नाही, सर.”

खिडकीत खोकल्याच्या औषधाची प्लास्टिकची बाटली उपडी वाळत होती. झाकणाला तापल्या सुईने पाडलेली भोके होती. मी ती तिच्यासमोर ठेवली. तिची नजर आधी बापाकडे गेली आणि मग आजीकडे. स्वतःसाठी खोटे बोलणारा माणूस पोलिसाचा चेहरा वाचतो. दुसऱ्याचे गुपित सांभाळणारा त्या दुसऱ्याकडे पाहतो. मी थोरल्याला पंचांना गच्ची दाखवायला पाठवले आणि बाजेपाशी खुर्ची ओढली.

“अव्वा, काल आंबील कोणी केली?”

“मीच की. हात चालत्यात अजून.”

“शिंपडली कोठे?”

म्हातारीने नातीकडे पाहिले. “पोरीला दटावू नगा, सायेब. म्या शपथ घातली हुती. सगळं रान शिंपायचं असतंय. माज्या नवऱ्यानं ते एकच घेतलं हुतं. कोर्टानं मधी बांध मानला म्हणून भुईला काय कळतंय व्हय? धाकट्याकडचं कोरडं ऱ्हायलं असतं की.”

“त्यांनीही त्यांच्या रानात पूजा केली होती.”

“केली आसंल. माज्या हातची न्हवती न्हवं ती.”

मुलगी हळूच म्हणाली, “बाबांना सांगू नका, सर. आणि हुकूम मोडलेला नाही. बांध मी ओलांडलाच नाही.”

मनाई हुकूम मी ठाण्यात परत जाऊन पुन्हा वाचला. ड्रोन हा नोकर की हस्तक, यावर न्यायालय मौन होते. उडत्या ड्रोनमधून काहीही खाली टाकता येत नाही, हा नियम मात्र स्पष्ट होता, आणि त्याबद्दल त्या मुलीला मी कडक समज दिली. संताप मला तिचा आला नव्हता. आई हयात आणि हाकेच्या अंतरावर असून, जिच्या हातचे अन्न खाऊन वाढलो तिची आंबील विष समजून लुगड्याने वेढणाऱ्या धाकट्याचा आला होता. आणि आपल्याच आईला चोरून शिंपडायला लावणाऱ्या थोरल्याचा तर त्याहून अधिक.

नमुन्याचा अहवाल यायला महिने लागले असते आणि तोवर पडताळणी अडकली असती. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही भावांना रानात बोलावले, प्रत्येकाला आपापल्या बाजूस उभे केले आणि थोरल्याला बजावले, “तुम्ही फक्त हजर राहायचे. बोलायचे नाही.” मग उरलेली आंबील त्याच बाटलीत भरून मुलीला ड्रोन उडवायला सांगितले. पंचनाम्यात याला घटनेचे प्रात्यक्षिक म्हणतात.

ड्रोन घराकडून आला. ज्वारीवर थेंब पडले, काही तक्रारदाराच्या बाहीवर पडले. तो दचकून मागे सरला. मग थांबला. बाही नाकाशी नेली. मी अडवणार, तोवर त्याने ती जिभेला लावली होती.

“अव्वाची हाय,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“हिच्यात ववा हाय. दुसरं कुणी आंबिलीत ववा टाकत न्हाय, सायेब. लहानपणी माजं प्वाट दुकायचं, तवापास्नं टाकती ती.”

थोरला बांधावर खाली पाहत उभा होता.

मुलीने ड्रोन काकांच्या बाजूला मोकळ्या जागेत उतरवला. तक्रारदाराने मला विचारले, “ह्या ड्रोनातनं काय माघारी जातंय का?”

“नियमाने जात नाही,” मी म्हणालो, आणि पंचनाम्याचा मजकूर सांगायला पंचांकडे वळलो. त्यानंतर माझ्या पाठीमागे जे घडले ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही, ही वस्तुस्थिती आहे. ऐकू मात्र आले. कणीस मोडल्याचा आवाज, आणि बांधापलीकडून थोरल्याचे त्या दिवसातले पहिले वाक्य, “निबर नगं देऊ. तिला दात न्हाईत.”

“ठावं हाय मला,” धाकटा म्हणाला. “हुरड्याचंच निवडलंय. अर्दंच बांदतो, न्हायतर उडायचं न्हाय ते.”

मग पाती फिरल्याचा आवाज आला आणि घराच्या दिशेने गेला.

तक्रार गैरसमजातून दिल्याचा जबाब त्याने त्याच दुपारी लिहून दिला. पडताळणीच्या अर्जावर मी सही केली. ती मुलगी आज परवानाधारक चालक आहे आणि तालुक्यात फवारणीची कामे करते.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. वस्तू संशयास्पद दिसली की ती काय करू शकते, हे सगळेच सांगतात; ती कोणी आणि कोणासाठी पाठवली, हे जाऊन विचारावे लागते. आमच्या वसाहतीने ते विचारले नाही, म्हणून त्या ठरावाला माझा लेखी विरोध आहे आणि राहील.

वाटणीच्या दाव्याच्या तारखा अजून पडतात. भाऊ न्यायालयात वेगवेगळ्या बाकांवर बसतात. परंतु मागच्या वेळ अमावास्येला मी त्या बाजूला गेलो होतो. धाकट्याच्या रानात खोपीसमोर हातभर जागा शेणाने सारवलेली होती, भोवती रांगोळी होती, आणि तेथे कोणी बसू नये म्हणून तो पोरांना हटकत होता. कोणी पाहुणा यायचा आहे का, असे मी विचारले. तो थोरल्याच्या गच्चीकडे पाहत म्हणाला, “व्हय की. आंबील घिऊन अव्वाचं इमान उतरायचंय.”