भावोजींच्या गाडीतली डबी

आंब्याच्या दिवसांत माळ्यावर आढी लावली की पिकलेला एक काढायला जावं तर चार हाताला लागतात. आमच्या गॅरेजमधल्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगायला बसले की बाकीच्यांचा वास सुटतो!

गॅरेज यांचं, रत्नागिरीत घराला लागूनच. धाकटे दीर सुहासभावोजी मातीवरच्या मोटारशर्यतीत गाडी पळवत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दोन हंगाम झाले, भावोजींचा नंबर शेवटून मोजायला सोपा! शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, "यंदा पहिल्या तिनात आलास तर ठीक. नाहीतर गाडी विकायची नि मुंबईला मामाच्या ऑफिसात चिकटायचं."

भावोजींचा चेहराच उतरला. मी सोळा सोमवार धरले. यांनी धरला कॉम्प्युटर! मुंबईच्या मित्राकडून एक डबी आणली. गाडीत बसवली की वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर सगळं टिपून ठेवते, मग कॉम्प्युटरवर त्याचा आलेख निघतो. शिवाय सीटच्या मागे व्हिडिओ कॅमेरा. सराव सड्यावर, गावाबाहेरच्या मोकळ्या कातळमाळावर, रिकामे ड्रम मांडून. आणि व्हिडिओ बघायचा आमच्या टीव्हीवर, नेमका माझ्या दिवेलागणीला.

*

खंडेनवमीला गॅरेजमधल्या हत्यारांची पूजा मी करते. पाने, जॅक, सगळ्यांना हळदकुंकू. नवा कॅमेरा कसा वगळायचा? त्याचं कपाळ शोधलं नि ठसठशीत कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सड्याच्या मधोमध लालभडक गोळा! हे म्हणाले, "सूर्य मावळतोय वाटतं."

"दादा, सकाळी अकराला? आणि मी वळलो की तोही माझ्याबरोबर वळतोय!"

मी ज्याला कपाळ समजले, तो त्याचा डोळा होता.

*

भावोजी छातीठोकपणे सांगत, "त्या मोठ्या वळणावर मी ब्रेक लावतच नाही."

यांनी आलेख पुढे धरला. ब्रेकची रेघ वळणावर नारळाच्या झाडासारखी सरळ उभी!

"डबीला काय कळतंय?"

"गाडी चालवायची कशी ते नाही कळत. तू काय केलंस तेवढं कळतं."

मला भावोजींची दयाच आली. उपासाला मीही "काही म्हणजे काही खाल्लं नाही" म्हणते. माझ्या पोटाला कुणी डबी लावली नाही, देवाची कृपा!

*

मग एक कोडं निघालं. सड्यावरच्या सरळ पट्ट्यात, जिथे गाडी सुसाट जायची, तिथेच दर फेरीला वेग पडायचा. यांनी कार्ब्युरेटर खोलला, केबल बदलली. वेग पडायचा तो पडायचाच.

शेवटी व्हिडिओ पुन्हा लावला. तिथे लांबवर ग्रामदेवीचं देऊळ दिसतं. गाडी तिथे आली की भावोजींचा उजवा हात स्टिअरिंग सोडून छातीशी जायचा नि पाय ढिला पडायचा. दर फेरीला!

हे कडाडले, "देवी कुठे पळून जात नाहीये! पळायचंय ते तुला!"

"पण दादा, देवळासमोरून तसंच कसं जायचं?"

मलाही ते पटेना. मी म्हटलं, "भावोजी, सगळ्या फेऱ्यांचे नमस्कार सुरू करायच्या आधीच घालून टाका. देवीला सांगून ठेवा, हे पुढचे धरून."

दुसऱ्या दिवशी भावोजींनी गाडीबाहेर उभं राहून दहा नमस्कार घातले. आलेखातला खड्डा गेला! यांनी आलेख दोनदा काढून बघितला. म्हणाले, "हे डबीबरोबर आलेल्या पुस्तकात नव्हतं."

*

सावर्ड्याला लग्न होतं. घरची जीप यांनी चालवली. भावोजींनी गुपचूप डबी सीटखाली सरकवली होती. नुसती ठेवली तरी धक्के मोजायची ती.

संध्याकाळी आलेख बघून हे खवळले, "हा काय ब्रेक लावतोस? भाताची पोती भरलीत का गाडीत? असा चालवणारा जन्मात जिंकायचा नाही!"

"पोती नाहीत, दादा. आई होती, वहिनी होत्या नि आहेराची भांडी."

*

शेवटची शर्यत घाटावर. भावोजी चौथे आले.

महादेवावर मी रुसले नाही. शेवटचा होता त्याला त्याने चौथा आणला, हे काय थोडं? पण सासूबाईंची अट पहिल्या तिनाची होती. घरी आल्यावर हे म्हणाले, "बघून तर घेऊ," नि व्हिडिओ लावला. एरवी शर्यतीचं नाव काढलं तरी उठून जाणाऱ्या सासूबाई त्या दिवशी वाती वळत टीव्हीसमोर बसल्या.

सगळ्या फेऱ्या पुढे एकच पांढरी गाडी. भावोजी डावीकडून जायला बघत, ती डावीकडे. उजवीकडून बघत, ती उजवीकडे. सासूबाईंचे हात थांबले.

"हा मेला बाजूला का होत नाही?"

"तो तिसरा, आई. तो कशाला होईल?"

"मग तू हॉर्न का नाही मारलास?"

"आई, शर्यतीच्या गाडीला हॉर्न नसतो."

सासूबाई यांच्याकडे वळल्या. "काय रे, डब्या बसवल्यास, कॅमेरे बसवलेस, नि पोराच्या गाडीला साधा हॉर्न नाही बसवलास?"

हे तोंड उघडणार, तेवढ्यात मी यांच्या पायावर पाय दिला.

"हे वर्ष धरायचं नाही," सासूबाई म्हणाल्या, नि पुढची वात वळायला घेतली.