माऊसवरचा हात

बातमी तयार झाली, शेवटचं बटण दाबायला मी बोट उचललं, की माझ्या हातावर एक हात येऊन पडायचा. जाडसर, गरम, नखांवर मेंदीचा उतरता रंग. "थांब. मोठ्यानं वाच."

आमच्या वेब डेस्कवर सगळे त्यांना आपा म्हणायचे, संपादकसुद्धा. म्हणून इथंही आपाच. मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बातम्यांच्या एका वेबसाइटवर सहा महिने शिकाऊ म्हणून जात होते. पहिल्या दिवशी वाटलं, या बाई इथं चुकून बसल्यात. पन्नाशी कधीच ओलांडलेली, चष्म्याला दोरी, टायपिंग दोन बोटांनी. उमेदीची सगळी वर्षं छापील वर्तमानपत्राची मुद्रितं तपासण्यात गेली, ते बंद पडलं तेव्हा इकडं आल्या. आम्ही पोरं दहा मिनिटांत बातमी सोडायचो, आपांना अर्धा तास लागायचा. मी घरी आईला म्हटलंही होतं, "सगळं यांच्या वेगानं चाललं असतं तर लोक अजून तारच पाठवत बसले असते." आता लाज वाटते. वाटू दे.

मोठ्यानं वाचायचं म्हणजे नुसतं वाचायचं नाही. समोर एक रिकामी खुर्ची असायची. "ज्याची बातमी, त्याची आई तिथं बसलीय असं समज. आता पढ." तुम्हीही कधी करून बघा. 'चोरट्याच्या मुसक्या आवळल्या' हे वाक्य त्याच्या आईच्या तोंडावर म्हणून बघा. माझी जीभ अडखळली.

"पोलिसांनी पकडलं असं सीधं लिही ना," आपा म्हणाल्या. "आवळायला तो काय कडब्याचा भारा हाय?"

त्यांची एक वही होती. तिच्यात माणसांची नव्हे, गावांची नावं होती आणि प्रत्येक गावापुढं एखाद-दोन नंबर: किराणा दुकान, पिठाची गिरणी, आरोग्याचं काम बघणारी आशाताई. कुणी गेल्याची बातमी आली की त्या गावात फोन झाल्याशिवाय ती सुटायची नाही आणि फोटो घरच्यांच्या हातून आल्याशिवाय लागायचा नाही. आम्ही घड्याळाकडं बघत चुळबुळ करायचो. आपा म्हणायच्या, "मौत की खबर है बेटा. जाणारा गेलाय, तुला कसली घाई?"

एका दुपारी आपा नमाजाला मागच्या खोलीत गेल्या होत्या. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आलं, हर्सूल तलावात तरुण बुडाला, राहणार देवगाव रंगारी. नाव होतं, वय होतं. दुसऱ्या एका वेबसाइटनं तर बातमी टाकलीसुद्धा, फक्त फोटो नव्हता. फेसबुकवर नाव आणि गाव टाकलं तर फोटो सापडला, गॉगल लावलेला, हसरा. वही समोरच पडली होती. मी ती उघडली नाही. बटण दाबलं आणि फोटोसकट आपणच पहिले, या खुशीत चहाही सांगितला.

चहा यायच्या आत फोन आला. "मॅडम, देवगावहून बोलतो. त्यो फोटो आमच्या पोराचा हाय. तिकडं शहरात, गुलमंडीत कापडाच्या दुकानात कामाला असतो. फोन लागंना त्याचा. त्याच्या मायनं अंग टाकलंय. पक्कं हाय का वो?"

पक्कं! मला काय माहीत पक्कं!

आपा दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. फोन हातातून घेतला. "दादा, पक्कं नाय. आम्ही विचारल्याबिगर टाकलंय. मी आत्ता दुकानात जाते, तुम्ही मायपाशी बसा." दुकान कोणतं ते विचारून घेतलं, बातमी साइटवरून उतरवली. मी रडत म्हणाले, "आपा, काढली ना. आता कुणालाच दिसत नाही."

"वेबवरून काढली. त्या मायच्या काळजातून कोण काढंल? चल, गाडी काढ."

गुलमंडीत स्कूटी लावायला जागा मिळेना. आपा जवळजवळ चालत्या गाडीवरूनच उतरल्या. गर्दीत त्यांची चप्पल तुटली, ती हातात घेऊन तशाच चालत सुटल्या. मागून मी. देवाकडं एवढंच मागत होते की तो दुकानात असू दे. आत शिरलो तर एक पोरगा शिडीवर उभा राहून वरच्या फळीवरचे तागे काढत होता. गॉगल नव्हता, पण तोच होता. आपा मटकन गादीवर बसल्या. "या अल्ला, तेरा शुकर." मग त्याला खाली बोलावलं. "बेटा, आईला फोन लाव. काही विचारू नको, आधी लाव."

त्याचा मोबाइल गल्ल्यामागं चार्जिंगला लावून बंद ठेवलेला. आपांच्या फोनवरून त्यानं घरी लावला. पलीकडून आधी नुसते हुंदके, आणि मग दुकानभर ऐकू जाईल एवढा आवाज आला, "मुडद्या, फोन कामून बंद ठेवतो रे!" पोरगा बावचळून आमच्याकडं बघत राहिला. आपा ओढणीनं डोळे पुसत हसत होत्या.

बुडालेला तरुण त्याच नावाचा, त्याच गावच्या दुसऱ्या वस्तीवरचा निघाला. परत आल्याबरोबर आपांनी वही उघडून देवगावच्या किराणा दुकानात फोन लावला. त्या दुसऱ्या घरी आमच्यापैकी कुणीच काही विचारलं नव्हतं.

संध्याकाळी संपादकांनी विचारलं, "कुणी टाकली?" मी तोंड उघडायच्या आत आपा म्हणाल्या, "डेस्क माझा. मीच." दिलगिरी प्रसिद्ध झाली ती त्यांच्या नावानं. मी गप्प बसले. फार तर माझं शिकाऊपणाचं प्रमाणपत्र गेलं असतं, तरी गप्प बसले. जिन्यात त्यांना म्हटलं, "आपा, मी सरांना सांगते."

"आज सांगशील तर तुला घरी पाठवतील. मग उद्या फोन कोण लावंल? तू आता जन्मात इसरणार नाय. वो काफी है."

पुढं मी तिथंच नोकरीला लागले. गुडघ्यांनी हैराण होऊन आपांनी काम सोडलं, जाताना वही माझ्या खणात ठेवली. या उन्हाळ्यात ग्रुपवर आलं, आपा गेल्या. मी फोन लावला. गुलमंडीत देवाकडं मागितलं होतं तेच मागत होते. फोन त्यांच्या मुलीनं उचलला. "हो ताई, सकाळीच." फोटो मागितला तर म्हणाली, "अम्मी कुठं काढू द्यायची?" एकच सापडला तो तिनं पाठवला. त्यातही तळहात कॅमेऱ्यासमोर धरलेला.

त्यांचं पूर्ण नाव मी वेबवर शोधलं. एवढी वर्षं हजारो पानं त्यांच्या हाताखालून नीट होऊन गेली, पण नाव कुठंच नाही. सापडलं ते फक्त त्या दिलगिरीखाली. माझ्या चुकीखाली.

मग बातमी लिहिली. शेवटी लिहिलं की देवगावच्या तरुणाचा फोटो आपांनी लावला नव्हता, ही बातमी लिहिणारीनं लावला होता, आणि खाली माझं नाव घातलं. समोरच्या खुर्चीत आपाच बसल्यात असं समजून मोठ्यानं वाचायला लागले. त्या ओळीपाशी अडले. पुन्हा पहिल्यापासून वाचली. माऊसवर हात ठेवला आणि सवयीनं थांबले.

वरून हात आला नाही. मग मी बटण दाबलं.